देवमाशाची थोरली लेक

कल्पना करा, तुम्ही को-थाकच्या किनाऱ्यावर तंबूत झोपला आहात. चटईखालून गुळगुळीत गोटे पाठीला टोचताहेत. उजाडता उजाडता बाहेर कोणीतरी जड उसासा टाकतं. तुम्ही काय कराल? डोकावाल ना? आईबाबांबरोबर सहलीला आलेल्या छोट्या दिएपनेही डोकावलं. ओहोटीच्या काठावर देवमाशाचं पिल्लू पडलं होतं. पिल्लूच, पण होडीएवढं.

तिच्या हाकेने सगळे तंबू जागे झाले. बाबांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून त्याला पाण्यात ढकललं. ते गेलं, वळलं आणि पुन्हा गोट्यांवर आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा आलं. शेवटी हात थकले. कोणी फोटो काढू लागलं, कोणी माकुल भाजायला बसलं. दिएप मात्र पातेल्याने त्याच्या पाठीवर पाणी ओतत राहिली.

"अगं, पातेलं आण! पेज कशात शिजवू?" आई ओरडली.

"मला नको पेज!"

तेवढ्यात गावातले साउ आजोबा आले. हातात उदबत्त्या, खांद्यावर सुतकाची पट्टी, आईबाप गेल्यावर लेकरं कपाळाला बांधतात ती. इथले कोळी देवमाशाला 'आजोबा' म्हणतात आणि तो किनाऱ्यावर मेला तर घरच्यासारखं सुतक धरतात.

"आधी कोणी पाहिलं यांना?"

"मी," दिएप म्हणाली.

"मग रीतीप्रमाणे तू यांची थोरली लेक. पट्टी तू बांधायची."

बाबा उसळले. "अहो, तिचे आईबाप धडधाकट आहेत! आणि थोरली कसली? शेंडेफळ आहे ती!"

"घरात असेल, साहेब. इथे थोरली."

"पण ते श्वास घेताहेत!" दिएप ओरडली.

म्हातारा तिच्याजवळ उकिडवा बसला. "घेताहेत, बाळ. थोडेच उरलेत."

"मी पट्टी घेतली तर ते मरतील?"

"नाही घेतलीस तरी मरतील."

भरतीला अजून खूप अवकाश होता. उसासे लांबत चालले होते. पाठीची कातडी उन्हाने सुकून ताणली होती. पातेल्यातलं पाणी ओघळून गोट्यांत जिरत होतं, पाठीवर थांबतच नव्हतं.

साउ आजोबांनी पट्टी पुढे केली. बाबा काही बोलणार होते, पण आईने त्यांचा दंड धरला.

दिएपने पट्टी घेतली. कपाळाला लावली नाही. धावत जाऊन ती समुद्रात बुडवली, परत आली, त्या सुकलेल्या पाठीवर पसरली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.