ओळखपत्रांना लागणारी जागा

"याले डाळ म्हनते का, सायेब?"

नत्थुजींनी अश्विनच्या नाकासमोर मूठ उघडली. मुठीत तुरीची डाळ कमी आणि चुरा जास्त होता.

तेल्हाऱ्यातल्या त्यांच्या डाळमिलच्या ड्रायरनं तूर वाळवली होती, आणि वाळल्यावरही तो वाळवतच राहिला होता. ओलावा मोजणारा सेन्सर बिघडला, म्हणून नत्थुजींनी पेटीतला दुसरा लावला. तो निघाला उष्णता मोजणारा. दोघांच्या पिना सारख्याच. साठ अंश उष्णतेला यंत्र साठ टक्के ओलावा समजलं आणि जितकं तापलं तितकं आणखी वाळवत सुटलं.

"चुकलो मी, कबूल," नत्थुजी म्हणाले. "पन आपल्या जागेवर कोन येऊन बसलं, हे तुमच्या मशीननं पाहाले नोको?"

अश्विनला उत्तर ठाऊक होतं. त्यानं ओलाव्याचा नवा सेन्सर बसवला, डाळीची भरपाई देण्याचा शब्द दिला आणि अकोल्याची एसटी पकडली.

जठारपेठेतल्या दोन खोल्यांच्या कंपनीत तो वीस वर्षं असल्या यंत्रांचे प्रोग्राम लिहीत होता. प्रोग्राम चालू असताना त्यातली प्रत्येक वस्तू, अगदी जोडलेला सेन्सरही, 'मी कोण' हे सांगू शकते. पण त्यासाठी तिच्या गळ्यात ओळखपत्र अडकवावं लागतं, ओळखपत्रं मेमरीत जागा खातात आणि तपासायला वेळ लागतो. लिहिलेला प्रोग्राम यंत्रासाठी बांधून देणाऱ्या कम्पाइलरला सांगून ती बंद करता येतात. अश्विननं पहिल्याच वर्षी बंद केली होती.

"सर, चालू करू या," असं त्याच्या हाताखालची प्रोग्रामर चारुता गेल्या महिन्यात सगळ्यांसमोर म्हणाली होती. "उद्या चुकीचा सेन्सर लागला, तर यंत्र निदान थांबेल तरी."

"घरात आपन एकमेकांचं आधार कार्ड पाह्यतो का वं?" अश्विन म्हणाला होता. सगळे हसले. चारुताही हसली, आणि आठवड्याभरात तिनं राजीनामा दिला. आज तिचा शेवटचा दिवस होता.

ती जायच्या आत हे काम करून दाखवायचं, मग ती थांबेल, असा हिशेब त्यानं बसमध्ये मांडला होता. ऑफिसात शिरताच त्यानं ओळखपत्रं चालू केली, सेन्सर वाचण्याआधी तपासणी घातली आणि प्रोग्राम बांधायला लावला. मेमरीत मावू नये आणि आपलंच खरं ठरावं, अशी एक चोरटी आशा त्याला होतीच.

प्रोग्राम मावला. वर निम्म्याहून जास्त मेमरी मोकळी राहिली.

जागा नाही, हे त्यानं एकदा खरंच मोजलं होतं. पण जुन्या चिपवर. ती चिप जाऊन चार वर्षं झाली होती. नवी त्यानंच निवडली होती. चिप निवृत्त झाली, अश्विनचं मत तेवढं नोकरीत राहिलं.

"चारुता, पाह्य. चालू केलं."

खांद्याची पर्स सावरत तिनं स्क्रीनकडे पाहिलं. "छान झालं, सर."

"मंग आता काहून जाऊन राह्यली? तुयंच खरं होतं ना."

"खरं माझंच असायला हवं होतं, असं नाही. तुम्ही मोजून पाहिलं असतं आणि मग नाही म्हणाला असता, तरी मी राहिले असते."

 

खाली ऑटो हॉर्न वाजवू लागला. तिला अमरावतीची गाडी गाठायची होती. "आन इकडं," म्हणत अश्विननं तिची बॅग उचलली आणि तो जिना उतरला. चारुता ऑटोत बसली, ओढणी आत घेतली, नमस्कार केला.

"सायेब, तुमी बी येऊन राहिले का?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"नाई बा," अश्विन म्हणाला.

"मंग बॅग द्या ना."