नानांची मान

धुळ्याला पांझरेकाठी एदलजी शेठच्या बागेत वर्षाला जेमतेम दोन बरण्या लाल वाईन व्हायची. द्राक्षाच्या वाईनीत जांभळाची किती मिसळायची ते बागेतला गडी झुलाल चाखून ठरवायचा, आणि जमली की नाही ते भाईदासनाना. नाना पक्के माळकरी. घोट तोंडात घोळवायचे, पिकदाणीत थुंकायचे, तीनदा चूळ भरायचे आणि मग मान हलवायचे. तीस वर्षांत थेंबही गळ्याखाली गेला नाही, असं माळेला हात लावून सांगायचे. त्यांची मान हलल्याशिवाय शेठ कुणाला प्याला उचलू देत नसत.

पस्तीस सालच्या श्रावणात एका दुपारी बरणीला तडा गेला. वाईन वाहून जायला लागली, तेव्हा झुलालने हाताला लागली ती पितळी घागर पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी बाटल्या भरून झाल्यावर त्याने घागर उपडी करून पाहिली. तळाची कल्हई पार उडालेली, कडेला हिरवट डाग. आंबट पितळेत कळकतं, हे खानदेशात शेंबडं पोरही जाणतं. झुलालच्या आत्याकडे असंच कळकलेलं ताक पिऊन चौघं ओकून ओकून आडवे झाले होते. तिघं उठले, आत्या उठली नाही.

आणि बाहेर नवी वाईन चाखायला पाहुणे येऊन बसले होते. शेठची म्हातारी आईसुद्धा हौसेने खुर्ची टाकून बसली होती. सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर माणसं जाणार. भित्र्या माणसाला पळवाट लगेच सापडते, तशी झुलाललाही सापडली. नाना ओळखतीलच की! ते मान हलवणार नाहीत, वाईन ओतून देतील, आपलं नावही निघणार नाही. चेहऱ्यावरून कुणाला संशय येऊ नये म्हणून तो तोंडभर हसत उभा राहिला.

नानांनी घोट घोळवला, थुंकला, चुळा भरल्या. झुलालकडे पाहिलं आणि मान हलवली.

म्हातारीने प्याला ओठांशी नेला. झुलालला आत्या आठवली. तो धावला आणि तिच्या हातातला प्याला त्याने हिसकावला. तिच्या पांढऱ्या साडीवर लाल ओघळ उतरला.

"कोनी पिऊ नका. घागरनी कल्हई उडेल व्हती."

सगळ्यांनी प्याले खाली ठेवले. शेठ झुलालवर ओरडतील असं वाटलं होतं, पण ते वळले नानांकडे. तीस वर्षांच्या जिभेला एवढं कळू नये, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. शेठ आईला घेऊन आत गेल्यावर नाना झुलालजवळ आले.

"दोन वरीस व्हयनात, मनी जिभले काहीच समजत नही," ते हळूच म्हणाले. "मी तुन्हं तोंड देखीसन मान हालावस. आज तू हासी ऱ्हायंता."