किड्यांसाठी वेगळी खोली

माणसाला एकच गोष्ट नीट येत असली की तो सगळं जग त्याच गोष्टीने दुरुस्त करायला निघतो. बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधल्या ऑपरेटरचं तसंच झालं. कुठल्या खोलीत गारवा किती, हवेत ओल किती, हे तो दारातूनच सांगायचा. हवा सुकली की बटाटा सुरकुततो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. घरात मात्र त्याची बायको रात्रभर शिंकायची, आणि माशी नेमकी कुठे शिंकतेय हे त्याला काही केल्या कळत नव्हतं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला.

"तुमच्या गादीत माइट्स आहेत. धुळीतले किडे, डोळ्यांना दिसत नाहीत. हवा उबदार आणि दमट असली की त्यांचं फावतं. ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून घेतात. आणि खातात आपल्या अंगाची झडलेली कातडी. म्हणजे माणूस झोपेल तिथे ते राहणार. घाबरू नका. चादरी गरम पाण्यात धुवा, गादीला ऊन दाखवा, खिडक्या उघड्या ठेवा."

ऑपरेटरने यातला 'दमट' हा शब्द तेवढा घरी आणला. बाकीचं दवाखान्यातच राहिलं.

तोवर बायको थोड्या दिवसांसाठी बहिणीकडे गेली. बहीण उंचावरच्या कोरड्या गावात राहायची. तिथे बायकोला पहिल्याच रात्री गाढ झोप लागली, आणि तिने ते भाबडेपणाने फोनवर सांगितलं. ऑपरेटर मनातल्या मनात दोन घरांचा हिशेब मांडू लागला. बहिणीचं घर मोठं, हवा कोरडी, वर मेहुणा सकाळी सगळ्यांना स्वतः चहा करून देणारा. असं घर सोडून कोण परत येईल? आपलं घर त्याहून कोरडं केल्याशिवाय ही यायची नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

त्याने कोल्ड स्टोरेजमधून हवा सुकवणारं एक जुनं यंत्र मागून आणलं आणि बेडरूममध्ये बसवलं. भिंतीवर ओल मोजायचं घड्याळासारखं मीटर लावलं. पडदे उतरवले, सतरंजी काढली, गादी उचलली. उरली नुसती लोखंडी कॉट.

घरात त्याची म्हातारी आत्या होती. तिने हे सगळं पाहिलं आणि विचारलं, "बाळ्या, पण ते जातील कुठे?"

"कोण?"

"किडे. तू हाकललेस की जातील शेजारी. मग शेजाऱ्यांना काय तोंड दाखवायचं?"

आत्याने हे चेष्टेत विचारलं होतं. पण ऑपरेटरला चेष्टा आणि सूचना यांतला फरक कधीच कळला नव्हता. कोल्ड स्टोरेजमध्ये एक खोली रिकामी करायची तर आधी दुसरी तयार ठेवावी लागते. त्याने अडगळीची खोली तयार केली. तिथे गादी टाकली. बायकोची उशी ठेवली, लोकरीच्या शाली ठेवल्या. उबेसाठी दिवा, ओलीसाठी पाण्याचं घमेलं. बेडरूमपासून तिथवर ओले टॉवेल अंथरले, म्हणजे किड्यांना वाटेत कोरड पडायला नको. शिवाय रोज संध्याकाळी तो दगडाने टाचा घासायचा आणि निघालेला भुगा गादीवर भुरभुरायचा.

"माझ्या नवऱ्याचं सासरी कुणी एवढं कौतुक केलं नाही," आत्या म्हणाली.

इकडे बेडरूम सुकत चालली आणि तिच्याबरोबर घरही. वाफ होते म्हणून स्वयंपाक बंद झाला. दोघं पाव खाऊ लागली. अंघोळ कोल्ड स्टोरेजच्या नळावर. धुणं शेजाऱ्यांच्या दोरीवर. मग एके दिवशी मीटरचा काटा जागचा हलेना, तेव्हा ऑपरेटरच्या लक्षात आलं की माणसाच्या श्वासातही ओल असते.

"आत्या, श्वास सोडताना तोंड खिडकीकडे करत जा."

आत्याला रडू फुटलं.

"रडायचं असेल तर गॅलरीत," तो घाईघाईने म्हणाला.

आत्या खुर्ची घेऊन गॅलरीत गेली ती गेलीच. तिथेच बसायची, तिथेच जेवायची. "सून गेली तेव्हा ती नाही म्हणून रडले," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आता हा आहे म्हणून रडते."

ऑपरेटर बायकोला रोज फोन करायचा.

"आज पंचेचाळीस टक्के."

"बरं."

"काल सत्तेचाळीस होती."

"बरं. जेवलात का?"

"पाव खाल्ला. उद्या चाळीसवर आणतो."

फोन ठेवला की त्याला फार एकटं वाटायचं. पण ते मीटरवर दिसत नव्हतं, म्हणून त्याने त्याची दखल घेतली नाही.

अखेर दोन्ही खोल्यांतली धूळ पुड्यांत बांधून त्याने डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"बेडरूमच्या धुळीत एकही नाही. पण ही दुसरी पुडी! एवढी दाटी मी जन्मात पाहिली नाही. तिथे कोण झोपतं?"

ऑपरेटरने यातलंही पहिलं वाक्यच घरी आणलं. फोन लावला आणि म्हणाला, "शून्य!"

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "बरं. येते मी."

ती आली. दाराच्या कडीला हात लावला तर कोरड्या हवेने चटकन झटका बसला. आत पाऊल टाकलं तर ओठाला ओठ चिकटले. बेडरूमच्या दारात ती थबकली. उघडी कॉट, उघडी भिंत, घरघरणारं यंत्र आणि त्याच्याशेजारी अभिमानाने उभा असलेला, ओठ फुटलेला नवरा.

"तुम्ही इथे झोपता?"

ऑपरेटर बाहीने मीटरची काच पुसू लागला.

"तो कसला तिथे झोपतोय!" गॅलरीतून आत्या ओरडली. "तिथे मेलेल्यालासुद्धा झोप यायची नाही. तो झोपतो किड्यांत."

बायकोने अडगळीच्या खोलीचं दार ढकललं. आत ऊब होती, ओलसर, ओळखीची. गादीला एका माणसाचा खळगा पडला होता. उशीलाही पडला होता.

"ही माझी उशी."

"किड्यांना तुझी सवय होती," ऑपरेटर म्हणाला. "म्हटलं, त्यांना परकं वाटायला नको."

"आणि तुम्हाला?"

त्याने उशीचा खळगा हाताने सारखा केला.

"रोज फोन करून मला हवा सांगितलीत," बायको म्हणाली. "मी रोज बॅग भरून बसायचे. एकदा तरी 'ये' म्हणालात?"

ऑपरेटरचे डोळे भरून आले. सवयीने त्याने आधी बेडरूममध्ये जाऊन मीटरकडे पाहिलं आणि मग गॅलरीकडे निघाला. मागोमाग आलेल्या बायकोने त्याचा दंड धरला.

"इथेच रडा. तिथे जागा नाही, आत्याबाई बसल्यात."

मग तो रडला. अगदी हुंदके देऊन. मीटरचा काटा हळूहळू वर चढला, लाल खुणेच्या पलीकडे गेला. बायकोने यंत्राचं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला.

"काय ही दशा! बटाट्यालासुद्धा असं सुकवत नाही तुम्ही."

"चादरी गरम पाण्यात धुवायच्या असतात," तो नाक ओढत म्हणाला. "गादीला ऊन दाखवायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला, अडगळीच्या खोलीत गेली आणि गादीचं एक टोक उचललं. दुसरं त्याने उचललं. गादीतून धुळीचा लोट उठला, आणि त्या लोटाआडून ऑपरेटर म्हणाला, "ये."

"आले," समोरच उभी असलेली बायको म्हणाली आणि जोरात शिंकली.