तळपाय

ड्रायव्हरनं आतल्या खोलीच्या दारासमोर खुर्ची ओढली, डावा पाय स्टुलावर टाकला आणि मोजा काढला. दार वीतभर उघडलं. आतून बायकोनं टॉर्चचा झोत त्याच्या तळपायावर धरला.

"बोटं फाकवा."

"काही नाहीये गं. बघितलेत मी."

"फाकवा म्हणते ना."

बारा वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला, तेव्हापासून रोज अंघोळीनंतर त्याचे पाय तीच बघायची. नर्सच ती. आता साथीचा ताप घेऊन पाच दिवस या खोलीत एकटी होती. ताप उतरला होता, खोकला हटत नव्हता. त्याला तर डेपोनं आधीच घरी बसवलं होतं. साखर असलेल्यांनी गाडीवर यायचं नाही.

पाच दिवस तो दाराबाहेरून सांगत होता, पाय ठीक आहेत. बघितलेच नव्हते. तेवढा वेळही एका जागी बसवत नव्हतं. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर, तिथून तिचं दार. दाराला कान लावायचा, खोकला ऐकू आला की परत फिरायचं. जेवण कधी दोनदा, कधी नाहीच. साखर मोजायचं यंत्र कपाटातून निघालंच नव्हतं.

झोत एका जागी थांबला.

"अंगठ्याखाली फोड फुटलाय. मोज्याला रक्त आहे. दुखलं नाही?"

"नाही."

त्यानं मान खाली घातली. बोलणी खायची तयारी ठेवली होती. पण ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"दिवसभर चालता ते ऐकते मी. म्हटलं, बरं झालं, व्यायाम चाललाय."

"व्यायाम कसला." तो मोजा उलटा करत राहिला, मग सुलटा. "बसलो की छाती धडधडते. वाटतं, मी इथं बसलोय आणि आत तुझा खोकला थांबलाय."

ती आतून मुद्दाम, हलकेच खोकली.

"आहे अजून," ती म्हणाली.

त्याला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. तो हातातल्या मोज्यानंच डोळे पुसायला निघाला.

"शी, तो मोजा ठेवा खाली. साखर बघा आणि डॉक्टरांना फोन लावा. फोडाचा फोटो पाठवा. आणि हे छातीचंही सांगा."

"ते काय सांगायचं? आज कोणाला घोर नाही?"

"साखर वाढली तर सांगता ना? तसंच."

त्यानं बोट टोचलं. तीनशे दहा. डॉक्टरांनी फोटो बघून औषध लिहून दिलं, पाय टेकवून चालायला दहा दिवस बंदी घातली, इन्सुलिन किती वाढवायचं ते दोनदा सांगितलं.

"आणखी काही त्रास?"

"नाही," तो सवयीनं म्हणाला.

दार अजून वीतभर उघडं होतं. आतून टॉर्चचा झोत पुन्हा त्याच्या पायावर आला. फोन कानावरून काढता काढता तो थांबला.

"आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "पण सांगायला जरा वेळ लागेल."

फोनच्या पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सांगा. बसलोय मी."