गुंजवण्याच्या खाणावळीची हिरवी थीम

मी एक जुनी थीम आहे. मित्रांनो, थीम म्हणजे वेबसाइटचा पेहराव. मजकूर कुठे बसेल, फोटो केवढा दिसेल, कोणता रंग कुठे येईल, हे सगळं मी ठरवते. माझ्यावाचून वेबसाइट म्हणजे नुसता अक्षरांचा ढीग. हे सांगताना मला जरा ताठा चढतो, पण खरं ते खरं.

मी मुळात तयार मिळणारी थीम. भोरला वेबसाइटची कामं करणाऱ्या शुभदाताईंनी मला आणलं आणि माझ्यावर स्वतःच्या हाताने काम केलं. आवणीनंतरच्या, म्हणजे भाताची रोपं लावून झालेल्या शेताचा हिरवा रंग दिला, वर राजगडाचा फोटो लावला, खाली तांदळाची भाकरी, आणि मधोमध 'जेवण सांगा' असं बटण. ही वेबसाइट राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावातल्या मंगलताईंच्या खाणावळीची. गडावर जाणारी माणसं ते बटण दाबून किती ताटं हवीत ते आधीच कळवत. "लई ग्वाड दिसतंय," असं मंगलताई मला पहिल्यांदा पाहून म्हणाल्या होत्या. मी ते अजून विसरले नाही.

आता गावाची एक पद्धत सांगते. भाताच्या झोडणीला सगळं घर खळ्यावर जातं, तेव्हा घराची किल्ली शेजारच्या फुलाबाईंकडे ठेवायची. ओळखीच्या कुणी मागितली तर द्यायची. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. माझ्या दाराच्या किल्लीचं, म्हणजे पासवर्डचंही मंगलताईंनी तेच केलं. त्या खळ्यावर असताना एका माणसाचा फोन आला. "ताई, वेबसाइटच्या ऑफिसातून बोलतोय. दुरुस्ती करायची आहे, पासवर्ड सांगता का?" त्यांनी सांगितला. वर "जेवला का?" असंही विचारलं.

त्याच दुपारी कुणीतरी आत शिरलं आणि माझ्या अंगात नको त्या ओळी घुसवल्या. खाजकुयली लागावी तशी मी तळमळत होते. भाकरीचा फोटो बघायला आलेल्या माणसाला मी जुगाराच्या पानावर ढकलत होते आणि मला थांबता येत नव्हतं. ओरडायला तोंड नाही, धरून ठेवायला हात नाहीत.

पुण्याच्या एका शाळेच्या नीरजा मॅडम रविवारी मुलींची सहल घेऊन येणार होत्या. त्यांनी पालकांना वेबसाइटची लिंक पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मंगलताईंना फोन केला. "पालक विचारतायत, हे कसलं ठिकाण आहे? संध्याकाळपर्यंत नीट दिसलं नाही तर मला दुसरीकडे जावं लागेल."

मंगलताईंनी लगेच शुभदाताईंना फोन लावला. "माज्या भाजीला नाव ठिवलं असतं तर म्या सुधारली असती," त्या म्हणाल्या. "ह्ये जुगाराचं नाव कसं पुसायचं?" मला त्यांच्याकडे बघवेना.

शुभदाताईंनी आधी सगळे पासवर्ड बदलले. मग वेबसाइटच्या मालकांच्या यादीतली नावं पाहिली, तर दोघींशिवाय तिसराच एक मालक तिथे बसलेला. त्याला हाकललं. मग सफाईचं सॉफ्टवेअर फिरवलं. त्याने घाण काढली, पण सोबत माझी एक अख्खी फाइल रिकामी केली. वेबसाइट पांढरीफटक झाली. ना गड, ना भाकरी. इथे माझा धीर सुटला.

त्यांनी वेबसाइटला जोडलेले छोटे प्रोग्रॅम एकेक करून बंद केले. पान पांढरंच. मग वेबसाइटवर दुसरी साधी थीम चढवली, तर मजकूर लख्ख दिसला. म्हणजे दुखणं माझ्यातच होतं. मला फार वाईट वाटलं. आता मला टाकून देतील, असंच मी धरून चालले. तीच साधी थीम राहू दिली असती तरी चाललं असतं, पण तिच्यात 'जेवण सांगा' हे बटण नव्हतं.

त्यांनी माझी कोरी प्रत आणली, बिघडलेली मी शेजारी ठेवली आणि ओळीला ओळ लावून बघू लागल्या. जी ओळ कोऱ्या प्रतीत नाही आणि त्यांच्या हातचीही नाही, ती पुसली, आणि रिकामी झालेली फाइल कोऱ्या प्रतीवरून भरली. स्वतःचं काम मात्र या वेळी वेगळ्या फाइलीत ठेवलं, म्हणजे पुढे मला बदललं तरी ते जाणार नाही. मधूनमधून मंगलताईंचा फोन येत होता.

"शुभदाताई, झालं का?"

"हिरवा रंग आलाय. बटण अजून दबत नाही."

"तेवडं बगा. उन्हं उतराया लागली."

ऊन डोंगराआड जायच्या आत बटण दबलं. नीरजा मॅडमनी पान उघडलं, वर-खाली नीट पाहिलं, आणि रविवारची ताटं सांगितली. मुली आल्या, पोटभर जेवल्या.

पुढे एकदा तोच गोड आवाज परत फोनवर आला. दुरुस्ती करायची आहे म्हणाला. मंगलताई पीठ मळत होत्या.

"दादा, तुमचं घर कंच्या आळीला?"

"घर कशाला, ताई?" तो म्हणाला.

"न्हाई, आमी किल्ली शेजाऱ्याला देतो. शेजारी असाल तर उंबऱ्याशी या, मग बघू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि भाकरी थापायला घेतली.

मित्रांनो, अजूनही कुणी दार हलवलं की मी दचकते. मला माझं दार लावता येत नाही, ते तुम्हालाच लावावं लागतं. तेवढं लावत जा. फुलाबाईंकडची किल्ली मात्र अजून तिथेच असते, आणि ती तिथेच असू द्या.