मशीन बंद करू नये

"हात लावू नका!" तारीखकाका दारातूनच म्हणाले. नव्या कारकून बाईंचं बोट बटणापाशी थबकलं.

"काका, तुम्ही यायच्या आत चारदा दाबून झालंय," त्या म्हणाल्या. "दिवा लागतो, आत काहीतरी घरघरतं, पण पडदा काळा तो काळाच."

"चारदा?"

"साहेबांनी दाबलं ते धरलं तर सहा."

प्रसूतिगृहाच्या रेकॉर्डच्या खोलीत आठ महिन्यांत काही बदललं नव्हतं. तीच हिरवी लोखंडी कपाटं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं तेच टेबल, आणि टेबलावर ते पिवळं पडलेलं जुनं मशीन. त्याच्यावर निवृत्तीच्या दिवशी काकांनीच चिकटवलेला कागद होता : 'मशीन बंद करू नये.' आठ महिने ते कोणी बंद केलंही नव्हतं. पण काल संध्याकाळी वीज गेली, यूपीएसने पाच मिनिटं तग धरून मान टाकली, आणि मशीन आपोआप बंद पडलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर मात्र एक नवा माणूस होता. जाडजूड, पन्नाशीचा, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन बसलेला.

"हे मेकॅनिक," कारकून बाई म्हणाल्या. "साहेबांनी बोलावलेत. मीच म्हटलं, काका येईपर्यंत थांबा."

काकांनी त्या पिशवीकडे पाहिलं आणि ते पिशवी आणि मशीन यांच्या मधोमध येऊन उभे राहिले.

त्याचं कारण इथेच सांगून टाकतो, कारण काका आपणहून ते सांगणाऱ्यातले नव्हते. या मशीनमध्ये एक सेल होता, कोटाच्या बटणाएवढा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि त्याच्या पोटात कोणती डिस्क आहे हे लक्षात ठेवायचं, एवढंच त्या सेलचं काम. बारा वर्षांपूर्वी तो संपला. तेव्हापासून मशीन रोज सकाळी सगळं विसरून उठे. आधी तारीख विचारी, मग डिस्कचे तीन आकडे विचारी. ते आकडे दिले नाहीत तर त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नसे. आणि त्या डिस्कवर बावीस वर्षांच्या जन्मांच्या नोंदी होत्या. मूळ रजिस्टरं तळघरात पाणी शिरून केव्हाच लगदा झाली होती.

सेल बदलला की झालं, असं मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं होतं. काकांनी ते पहिल्याच आठवड्यात वाचलं. मग ती पुस्तिका घरी नेली आणि माळ्यावर टाकली.

त्याच महिन्यात कपातीचा हुकूम आला होता. रेकॉर्डच्या दोन कारकुनांपैकी एकाला गावाबाहेरच्या औषधांच्या गोदामावर धाडायचं होतं. जायला दोन बस, यायला दोन बस. दुसरा कारकून आठ वर्षांनी लहान आणि दहा बोटांनी टाइप करणारा. काका दोन बोटांनी करत. घरी बायको आजारी, मुलगी शाळेत. काकांनी तोंड उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्यांच्या आधी तासभर येऊन ते मशीनला तारीख सांगत, आकडे भरत, आणि लोक येईपर्यंत मशीन शहाण्यासारखं चालू असे. कसं काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसं झालं आणि 'तारीखकाका' हे नाव पडलं.

तेव्हा प्रसूतिगृहाच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. त्यांनी वर पत्र पाठवलं : 'सदर यंत्र सुरू करण्याचे ज्ञान केवळ यांनाच असल्याने यांना येथून हलविणे गैरसोयीचे होईल.' काका राहिले आणि दुसरा गोदामावर गेला. तिथे त्याला लवकरच बढती मिळाली, ही गोष्ट वेगळी.

काकांना डाचत होतं ते त्या पत्राचं. मोठ्या बाई म्हणजे सरळ रेघ. शाळेत लवकर नाव घालता यावं म्हणून मुलाची जन्मतारीख आठ दिवस आधीची करून मागायला बाप येत, हातापाया पडत. बाई म्हणत, "मूल जन्मलं तेव्हा जन्मलं. मी कोण बदलणार?" अशा बाईंची खोट्या कागदावर आपण सही घेतली, हे काकांच्या मनातून जाईना. पाच वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी ते मनाचा हिय्या करून त्यांच्या खोलीत गेले. "बाई, एक सांगायचं होतं," म्हणाले. बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "सांगा." काकांनी विचारलं, हा टेबलफॅन तुमचा घरचा आहे का, गाडीत ठेवून देऊ का.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या बाई वारल्या. ते सांगायचं राहिलं ते राहिलंच.

निवृत्तीनंतर काकांना दिवस खायला उठत. घरात दिवा जरासा लुकलुकला की ते फोनकडे बघत. बायको म्हणे, "काय हो, माहेरची आठवण आली का?" आज सकाळी खरोखरच फोन आला, तेव्हा तिनेच हसत इस्त्रीचा शर्ट काढून दिला. "जा. अडला हरी म्हणतात ते काही खोटं नाही. पण हरी कोण नि गाढव कोण ते विचारू नका."

येताना बसमध्ये काका तीन आकडे मनातल्या मनात घोकत होते. नऊशे ऐंशी, दहा, सतरा. पाठ होते, तरी घोकत होते. मेकॅनिक बोलावलाय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्याने झाकण उघडलं तर पहिली नजर सेलवर जाणार, आणि बारा वर्षांची विद्या बटणाएवढी होऊन टेबलावर पडणार.

"झाकण उघडायची गरज नाही," ते मेकॅनिककडे न बघता म्हणाले. खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि बटण दाबलं.

दिवा लागला. पंखा घरघरला. मग आतून तीनदा आवाज आला, पीं, पीं, पीं. पडदा काळाच राहिला.

काकांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांनी बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा पीं, पीं, पीं. वायर काढून घातली. कीबोर्डची पिन काढून घातली. पडदा थोपटला. तारीख सांगायला ते तयार होते, पण विचारतंय कोण!

खिडकीबाहेरच्या बाकावरून एक तिशीची बाई उठून आली. "होईल ना हो? मला आज पाचच्या आत कागद द्यायचेत. नाहीतर नोकरीवर दुसऱ्याला घेणार आहेत. माझा जन्म इथलाच आहे."

"कोणत्या सालचा?" काकांनी विचारलं.

तिने साल सांगितलं. बावीस वर्षांतलंच होतं. ती नोंद काकांनी स्वतः, दोन बोटांनी, ओल्या रजिस्टरची पानं वाचवत चढवलेली असणार. काका थोडा वेळ त्या काळ्या पडद्यात दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठले आणि मेकॅनिकला म्हणाले, "उघडा."

मेकॅनिकने चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत फुंकर मारली. सगळेच शिंकले. चष्मा कपाळावरून नाकावर ओढून त्याने आत पाहिलं. काका त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. ते डोळे सेलवर गेले, थोडे थांबले आणि पुढे सरकले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं काकांना वाटलं, याने आपल्याला पकडलंच.

"मेमरी," मेकॅनिक म्हणाला. "खोडरबर आहे का?"

कारकून बाईंनी दिलं. त्याने आतल्या दोन पट्ट्या काढल्या, त्यांच्या कडांचे पिवळे दात खोडरबराने घासले आणि खट्‌कन परत बसवल्या. "आता लावा."

पडदा उजळला. पांढरी अक्षरं उमटली आणि मशीनने नेहमीसारखी तारीख विचारली. काका खुर्चीत बसले. हे काम त्यांनी बारा वर्षं एकट्याने केलं होतं, आज पहिल्यांदाच पाठीमागे माणसं उभी होती. तेवढ्यात नवे साहेबही आले. काकांची दोन बोटं चालली. तारीख, मग नऊशे ऐंशी, दहा, सतरा. मशीन थोडं कुरकुरलं आणि चालू झालं. कोणीतरी "वा!" म्हटलं. बाकावरच्या बाईची नोंद निघाली, प्रिंटर करकरत कागद ओकू लागला. तिने तो फाडून घेऊन तिथेच वाचला.

"वेळपण आहे यात! पहाटे चार दहा. आई कायम म्हणायची, तू मला रात्रभर जागवलंस." ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

ती वेळ चढवताना काकांना काही वाटलं नसणार, पण आज बरं वाटलं. त्या क्षणी सगळं निभावलं होतं. चहा पिऊन घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

"सेल गेलाय याचा," मेकॅनिक झाकण हातात धरून म्हणाला. "घालून टाकू? पिशवीत आहे."

"कसला सेल?" साहेबांनी विचारलं.

मेकॅनिकने एकदा काकांकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. त्याला काही सांगायचं नव्हतं असं नाही, पण त्याने जागा मोकळी ठेवली. काकांना ते कळलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं.

"मी सांगतो," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "तो सेल बारा वर्षांपूर्वीच गेलाय. तो घातला असता तर हे मशीन कोणीही चालू केलं असतं. मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. माझी बदली होऊ नये म्हणून."

साहेबांनी मशीनकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"बरं. मग घाला की आता," ते म्हणाले. "एवढ्यासाठी थांबलात होय?" त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

काकांनी बारा वर्षं छातीवर वागवलेला धोंडा साहेबांनी असा पायाने बाजूला सारला. कारकून बाईंना मात्र राग आला, आणि तो रास्त होता.

"म्हणजे काका, आठ महिने मी उगाच जीव मुठीत धरून बसले? धूळ पुसायची सोय नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन बघून जायचे, चालू आहे ना म्हणून!"

"चुकलं माझं," काका म्हणाले.

कारकून बाईंनी मशीनवरचा कागद नखाने खरवडून काढला, चुरगळून टोपलीत टाकला आणि बाकावरच्या बाईला घेऊन सही-शिक्क्यासाठी वर गेल्या.

मेकॅनिकने नवा सेल बसवला. काकांनी शेवटचे एकदा आकडे भरले. मग त्याने मशीन बंद केलं, वायरही काढली, दहा मिनिटं थांबून परत लावलं. मशीनने कोणाला काही विचारलं नाही. तारीखही बरोबर होती. काका ती वाचत उभे राहिले.

"एक विचारू?" मेकॅनिक स्क्रू पिळत म्हणाला. "तुमच्या मिसेसचं ऑपरेशन झालं होतं का हो, फार पूर्वी?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी आलो होतो इथे. तुम्ही दोन दिवस रजेवर होता, मशीन चालेना, म्हणून तुमच्या त्या मोठ्या बाईंनी बोलावलं. पाच मिनिटांत कळलं, सेल संपलाय. मी घालायला गेलो तर बाईंनी विचारलं, हा घातला की काय होईल? म्हटलं, काय व्हायचंय, कोणीही बटण दाबा, चालू. तर बाई म्हणाल्या, मग नका घालू."

काका खुर्चीत बसले. रजा बायकोच्या ऑपरेशनची. बाईंचं पत्र गेलं ते त्याच्या पुढच्या आठवड्यात. म्हणजे बाईंनी सही केली ती जाणूनबुजून. जन्मतारखेचा एक दिवस न हलवणाऱ्या बाईंनी.

"आणखी काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुम्ही आला होता हे कोणाला बोलू नका. आमचा माणूस आपणहून सांगेल, तेव्हा तुम्हाला बोलावते. मी बरेच दिवस वाट बघितली. म्हटलं, हक्काचं गिऱ्हाईक आहे." तो हसला. "फोन काही आला नाही."

काकांना बाईंची ती खोली आठवली. 'सांगा' म्हणून समोर बघत बसलेल्या बाई आठवल्या. सात वर्षं त्या वाट पाहत होत्या, आणि त्या दिवशीही वाट पाहत होत्या. आणि आपण पंख्याचं विचारलं. काकांच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मेकॅनिकने वर पाहिलं नाही. त्याने हत्यारं एकेक करून पिशवीत भरली आणि काका उठेपर्यंत तो तिथेच काहीबाही पुसत राहिला.

दोघं बरोबरच बाहेर पडले. मेकॅनिक स्कूटरवरून निघून गेला. काका फाटकातून जाणार तेवढ्यात नव्या रखवालदाराने हाक मारली.

"ओ काका! मघाशी घाईघाईत आत गेलात, सही राहिलीय. भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर आहे हे."

या फाटकात काकांनी आजवर कधी सही केली नव्हती. त्यांनी नाव लिहिलं, आत आल्याची वेळ लिहिली. पुढचा रकाना होता, 'कोणास भेटावयाचे'. काकांचं पेन जरा थांबलं. मग त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'मोठ्या बाई'.

रखवालदाराने रजिस्टर आपल्याकडे वळवून वाचलं. नवीनच होता तो.

"भेटल्या का?"

"भेटल्या," काका म्हणाले. त्यांनी बाहेर जाण्याची वेळ लिहिली आणि पेन परत दिलं.