चिठ्ठी छापून होईस्तोवर

वर्ध्यातल्या तीन खोल्यांत अण्णाजींची कंपनी होती. धोक्याच्या यंत्रांना वेळेवर थांबवणारे प्रोग्राम तिथं लिहीत. सत्त्याऐंशीत तिथल्या मधुकरनं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांसाठी असाच एक इलेक्ट्रॉनिक डबा केला. यंत्रात कापूस सारणाऱ्या बाईचा हात रुळांजवळ गेला, की हातचं सगळं टाकून यंत्र थांबवायचं, एवढंच त्या डब्याचं काम.

पहिला डबा वडनेरजवळच्या जिनिंगात बसला. तिथं मधुकरची थोरली बहीण शकुबाई कामाला होती. डबा काय करतो, ते त्यानं तिला समजावलं.

"बाई, भाकर थापतानी लेकरू चुलीकडं गेलं, तं तू भाकर पुरी करतं का?"

"भाकर जाते मातीत."

"बस. डबाबी तसाच."

मग जिनिंगवाल्यांनी मागितलं, दर तासाला कामाची चिठ्ठी छापून यावी. अण्णाजी म्हणाले, देऊन टाक. छपाई मधेच तुटली की आकडे बिघडत; म्हणून चिठ्ठी पुरी होईस्तोवर डब्यानं दुसरं काही ऐकायचं नाही, असं मधुकरनं लिहिलं. सेकंदाचा तर प्रश्न. शंभरदा तपासलं त्यानं. चिठ्ठी छापली जात असताना मात्र एकदाही हात घालून पाहिला नाही.

पौषात शकुबाईचा उजवा हात रुळांत गेला. यंत्र थांबलं. सेकंदभरानं.

आई गेल्यावर याच हातानं त्याला घास भरवले होते, शाळेच्या वाटेवर त्याच्या पायातले काटे काढले होते. आता मनगटापुढं नुसती पांढरी पट्टी. दवाखान्यात तो खाटेशी बसला.

"बाई, चूक माही हाये. डबा चिठ्ठी छापून राह्यला होता. मी सरकारी साहेबाले लिहून देतो."

"काई देऊ नोको. मी सकाळीच जबाब देला. म्हटलं, मीच न पाहता हात घातला."

"काऊन?"

"तूच एक शिकला आपल्यात. तुयी नोकरी गेली, तं मी कोनाकडं पाहू?"

"मी खरं ते लिहीन."

"लिवजो. मंग तुयी बहीण सरकारात खोटं बोलली, हेबी लिवजो त्याच्यात."

मग ती हसली, कोरड्या ओठांनी.

"जबाब घ्याले आलेला कारकून लय नियमाचा रे. म्हने, बाईमानसाचा उजवाच अंगठा लागते. म्या म्हटलं, जाय बापा, जिनिंगातून घेऊन ये."

चादरीवर तिचा डावा हात पडला होता. अंगठ्याला निळी शाई. मधुकरनं रुमाल ओला केला आणि पुसायला बसला. शाई रेषारेषांत उतरली होती, निघेना.